आयझॅक वॉल्टनचा गळ आणि संत पॉलचे अर्धे वचन

मासेमारी हा शब्द वसई-उत्तनच्या किनाऱ्यावर उच्चारला की डोळ्यांपुढे उभी राहते ती होडी, डोल जाळे, वलांडीवर वाळणारे बोंबील आणि टोपली घेऊन बाजाराची वाट धरणारी कोळीण. मासा हा येथे पोटाचा प्रश्न आहे. याच किनाऱ्यापासून थोडे आत, वाडीतल्या बावखलाच्या काठी एखादा मुलगा काठीला दोरी बांधून, गरीला गांडूळ लावून दुपारभर बसलेला दिसला, की मात्र आपली दृष्टी बदलते. घरची मंडळी त्याला हाक मारतात ती रागानेच. अभ्यास नाही, काम नाही, नुसते पाण्याकडे बघत बसणे, ही त्यांची तक्रार असते. मासा दोन्हीकडे आहे. पण एका कृतीला आपण कष्ट म्हणतो आणि दुसरीला रिकामपण. हा निवाडा कितपत योग्य आहे, असा प्रश्न एका जुन्या इंग्रजी पुस्तकाने आमच्यापुढे उभा केला. त्या पुस्तकाचे परीक्षण प्रस्तुत लेखात करावयाचे योजिले आहे.

आयझॅक वॉल्टन याचे 'द कम्प्लीट अँगलर' हे पुस्तक १६५३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. अँगलर म्हणजे गळाने मासे धरणारा. कोकणात ज्याला 'गरवणे' म्हणतात ती कृती तो करतो आणि तीही विक्रीसाठी नव्हे, आवडीखातर. 'चिंतनशील माणसाचा विरंगुळा' अशा अर्थाचे उपशीर्षक लेखकाने पुस्तकाला दिले आहे. अठरा पेन्सांना विकल्या गेलेल्या या छोट्या पुस्तकाच्या आजवर चारशेहून अधिक आवृत्त्या निघाल्या. या विषयावरचे ते पहिले पुस्तक मात्र नव्हे. १४९६ मध्ये गळाच्या मासेमारीवर एक इंग्रजी प्रबंध छापला गेला होता. परंपरा त्याचे कर्तृत्व डेम ज्युलियाना बर्नर्स या मठाधिकारिणीकडे देते, जरी अभ्यासकांना ते मान्य नाही. १५७७ चे आणखी एक संवादरूप पुस्तक १९५४ मध्ये पुन्हा उजेडात आले आणि वॉल्टनने आपल्या संवादाची घडण तेथून उचलली असावी, हे स्पष्ट झाले. तरीही छंद म्हणून मासे धरण्याला वाङ्मयात आणि समाजात जी प्रतिष्ठा लाभली, ती मुख्यत्वे वॉल्टनमुळे, याबद्दल दुमत नाही.

हा वॉल्टन कोण होता? स्टॅफर्ड या गावी १५९३ च्या सुमारास त्याचा जन्म झाला. लंडनच्या फ्लीट स्ट्रीट भागात तो कापडाचा व्यापार करी. विद्यापीठाची पायरी तो चढला नव्हता. सेंट डन्स्टन या धर्मग्रामाचा तो रहिवासी होता आणि तेथील कारभाराच्या जबाबदाऱ्याही त्याने सांभाळल्या. कवी आणि धर्मोपदेशक म्हणून विख्यात असलेला जॉन डन हा तेथील धर्माधिकारी. त्याच्या सहवासात या दुकानदाराला लेखनाची गोडी लागली. पुढे त्याने जॉन डन, हेन्री वॉटन, रिचर्ड हुकर, जॉर्ज हर्बर्ट आणि रॉबर्ट सँडर्सन यांची चरित्रे लिहिली. इंग्रजीतील चरित्रलेखनाच्या इतिहासात त्यांना मानाचे स्थान आहे. वॉल्टन अँग्लिकन पंथाचा होता. परंतु धर्मग्रामाच्या छायेत वाढलेला, देऊळमाऊलीवर जीव असलेला प्रापंचिक कसा असतो, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगावयास नको.

पुस्तकाचा काळ ध्यानी घेतल्यावाचून त्याची शांती कळत नाही. इंग्लंडमध्ये १६४२ पासून यादवी युद्ध पेटले होते. १६४५ मध्ये वॉल्टनच्या चर्चच्या प्रार्थनाग्रंथावर बंदी आली. ३० जानेवारी १६४९ रोजी राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाला. वॉल्टन राजपक्षाचा, म्हणजे पराभूत पक्षाचा. १६५१ मध्ये वूस्टरच्या लढाईनंतर राजपुत्राचे एक रत्नजडित मानचिन्ह जपून योग्य हाती पोहोचविण्याचे जोखमीचे काम त्याने केले होते. घरातही सुख नव्हते. पहिली पत्नी १६४० मध्ये वारली आणि त्या विवाहातले एकही मूल जगले नाही. साठीला टेकलेल्या या माणसाने अशा काळात जे पुस्तक लिहिले, त्यात तक्रारीचा सूर नाही आणि शत्रूची निंदाही नाही. त्यात आहे मे महिन्यातली सकाळ, लंडनच्या उत्तरेची ली नदी आणि वाटेवर भेटलेली तीन माणसे.

त्यांपैकी एक शिकारी, एक ससाणे पाळणारा आणि एक गळकरी. लॅटिन नावांनी ते वावरतात, व्हेनाटर, ऑसेप्स आणि पिस्केटर. चालता चालता प्रत्येक जण आपापल्या छंदाची थोरवी गातो. पिस्केटरच्या बोलण्याने शिकारी भारावतो आणि त्याचे शिष्यत्व पत्करतो. पुढे पाच दिवस गुरू-शिष्य नदीकाठाने हिंडतात. कोणता मासा कोठे असतो, कोणत्या ऋतूत काय खातो, आमिष कसे करावे, दोरी कशी वळावी, हे सारे त्या ओघात येते. मधेच पाऊस येतो आणि दोघे झुडपाच्या आडोशाला बसून गप्पा मारतात. संध्याकाळी ते एका साध्या खाणावळीत उतरतात. तेथे भिंतींवर गाण्यांचे छापील कागद चिकटवलेले असतात आणि चादरींना लव्हेंडरचा वास येत असतो. पाककृतीही पुस्तकात आहेत. चब नावाचा मासा काटेरी आणि बेचव म्हणून लोक टाकून देत. पिस्केटर तोच मासा धरल्या दिवशीच स्वच्छ करतो, पोटात सुगंधी पाला भरून भाजतो आणि शिष्याला जेवू घालतो. हलक्या समजल्या जाणाऱ्या वस्तूतले बरेपण काळजीपूर्वक हाताळले की प्रकट होते, हे त्या जेवणातून शिष्याला उमगते. गुरूला ते उपदेश करून सांगावे लागत नाही. ही वॉल्टनची लेखनशक्ती आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. वॉल्टनला गळाची केवळ माहिती द्यावयाची नाही. गळाचे समर्थन करावयाचे आहे, आणि ते तो धर्माच्या आधाराने करतो. प्रभूने बारा प्रेषितांपैकी चौघे मासेमारांतून निवडले, हे तो अभिमानाने सांगतो. चर्चच्या नियमांनी धर्मगुरूंना शिकार वर्ज्य केली, कारण ती दांडगाईची. गळ मात्र वर्ज्य केला नाही, कारण तो निरुपद्रवी आणि चिंतनाला पोषक, हेही तो नोंदवितो. या म्हणण्यात तथ्य आहे. आपल्या कॅथोलिक चर्चच्या १९१७ च्या धर्मविधीसंहितेतील १३८ व्या कलमानेही धर्मगुरूंनी शिकारीच्या नादी लागू नये, गाजावाजाची शिकार तर कधीच करू नये, असे बजावले होते. गळाविषयी तेथे अक्षर नाही. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलचे प्रमुख अलेक्झांडर नॉवेल यांचे उदाहरण वॉल्टन देतो. ते आपल्या वेळेचा दहावा हिस्सा गळाला देत, मिळकतीचा दहावा हिस्सा गरिबांना देत आणि धरलेले मासेही बहुधा नदीकाठच्या गरिबांतच वाटून टाकीत.

विरंगुळ्याला धर्मजीवनात जागा आहे काय, या प्रश्नाचे उत्तर आपल्या परंपरेने वॉल्टनच्याही पुष्कळ आधी दिलेले आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा'च्या दुसऱ्या भागात खेळ आणि विनोद यांची चर्चा करताना संत योहानाची एक जुनी कथा सांगितली आहे. योहान शिष्यांसमवेत खेळत असलेला पाहून काही जणांना धक्का बसला. त्यांपैकी एकाजवळ धनुष्य होते. योहानाने त्याला बाण सोडावयास सांगितले, पुन्हा सांगितले, आणि मग विचारले, असे सतत करता येईल काय? तो म्हणाला, नाही, धनुष्य मोडेल. माणसाच्या मनाचेही तसेच आहे, असे योहानाने त्याला समजाविले. हा योहान मूळचा गालीलच्या सरोवरावरचा मासेमार, हे येथे आठवावे. आपल्या काळात योसेफ पीपर या जर्मन कॅथोलिक तत्त्वज्ञाने १९४८ मध्ये विश्रांतीवर लिहिताना हेच सूत्र पुढे नेले. खरी विश्रांती म्हणजे आळस नव्हे. जे आहे ते शांतपणे स्वीकारण्याची आणि त्याबद्दल आनंद मानण्याची ती वृत्ती आहे, आणि तिचे मूळ उपासनेत आहे, असे त्याचे प्रतिपादन आहे. या दृष्टीने पाहता बावखलाच्या काठचा मुलगा काही गुन्हा करीत नाही. पाण्यावर डोळे लावून तासभर गप्प बसणे ही एक शिस्त आहे, आणि ज्याला ती साधली त्याला प्रार्थनेतले मौन परके वाटण्याचे कारण नाही.

येथवर वॉल्टनशी आम्ही सहमत आहोत. परंतु समीक्षकाने लेखकाच्या गोडव्याला भुलून चालत नाही. पुस्तकात काही दोष उघड आहेत. त्याचे निसर्गविज्ञान ऐकीव आहे. पाईक हा मासा काही वेळा एका पाणवनस्पतीपासून जन्मतो, असे तो गेस्नर या पंडिताच्या भरवशावर लिहून जातो. कृत्रिम माशीने ट्राउट धरण्याची विद्या त्याने बरीचशी थॉमस बार्करकडून घेतली. त्या विषयाला खरा न्याय मिळाला तो १६७६ च्या पाचव्या आवृत्तीत, चार्ल्स कॉटन या त्याच्या तरुण मित्राने जोडलेल्या दुसऱ्या भागात. हे दोष काळाचे म्हणून सोडून देता येतील.

क्रौर्याचा आक्षेप मात्र तसा सोडून देता येत नाही. जिवंत बेडूक आमिष म्हणून गळाला कसा लावावा, कोठे टाका घालावा, हे वॉल्टन सविस्तर सांगतो आणि हे सारे प्रेमाने करावे, म्हणजे तो अधिक काळ जिवंत राहील, अशी पुस्ती जोडतो. हे वाक्य वाचताना पुस्तकातली सगळी सौम्यता क्षणभर खोटी वाटू लागते. कवी बायरनने १८२३ मध्ये 'डॉन जुआन'च्या तेराव्या सर्गात यावरून वॉल्टनला कठोर टोमणा मारला. या म्हाताऱ्याच्याच घशात गळ अडकवून एखाद्या लहानशा ट्राउटने तो ओढावा, असे त्याने सुचविले. बायरन काही दयेचा आदर्श नव्हता, तरी त्याचे बोट योग्य जागी पडले आहे. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक चर्चच्या कॅटेकिझमने प्राण्यांचा अन्नासाठी उपयोग करण्यास मुभा देतानाच, त्यांना विनाकारण यातना देणे हे मनुष्याच्या प्रतिष्ठेशी विसंगत ठरविले आहे. वॉल्टनच्या पुस्तकाला ही कसोटी लावली, तर धरलेला मासा शिजविणारा आणि वाटून टाकणारा पिस्केटर उत्तीर्ण होतो. बेडकाचा पाठ देणारा पिस्केटर होत नाही.

याहूनही खोल असा एक दोष आहे, आणि तो पुस्तकाच्या दोन टोकांना आहे. १६५३ च्या पहिल्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर वॉल्टनने योहानाच्या शुभवर्तमानातील एकविसाव्या अध्यायाचे तिसरे वचन छापले. पेत्र मासे धरावयास निघतो आणि सोबती त्याच्याबरोबर येण्याची तयारी दाखवितात, तेच ते वचन. पुढील सुधारित आवृत्तीचा शेवट त्याने संत पॉलच्या थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातल्या चौथ्या अध्यायातील अकराव्या वचनाने केला. शांतपणे जगण्याची आस धरा, असा त्याचा आशय. विंचेस्टर कॅथेड्रलमध्ये जेथे वॉल्टनचे दफन झाले, तेथील प्रार्थनालयात १९१४ मध्ये त्याच्या स्मरणार्थ रंगीत काचेची खिडकी बसविण्यात आली. वॉल्टन नदीकाठी पुस्तक वाचीत बसला आहे आणि त्याच्यापाशी संत पॉलचे तेच शब्द कोरलेले आहेत. गळकऱ्यांच्या जगात हे वचन जणू ब्रीद होऊन बसले.

आता वाचकांनी आपले बायबल उघडून ते वचन पाहावे. संत पॉल तेथे थांबत नाहीत. त्याच श्वासात ते पुढे सांगतात, आपापले काम पाहा आणि स्वतःच्या हातांनी कष्ट करा. थेस्सलनीका येथील काही श्रद्धावंत कामधंदा सोडून बसले होते आणि इतरांवर भार होत होते, ही त्या उपदेशाची पार्श्वभूमी. दुसऱ्या पत्रात तर, ज्याला काम करावयाचे नाही त्याने जेवूही नये, इतक्या स्पष्ट शब्दांत ते सुनावतात. स्वतः पॉल तंबू शिवून पोट भरीत, हे प्रेषितांच्या कृत्यांत नमूद आहे. म्हणजे पॉलच्या लेखी शांती आणि कष्ट ही एकाच वचनाची दोन अंगे आहेत. वॉल्टनने पहिले अंग घेतले आणि दुसरे नदीच्या पलीकडे ठेवून दिले.

पेत्राच्या वचनाचेही तसेच. पेत्र काही विरंगुळ्यासाठी निघाला नव्हता. ते सात जण होडीत चढले, रात्रभर जाळे टाकीत राहिले आणि त्यांच्या हाती काहीच लागले नाही. रिकाम्या होडीने पहाटे परतणे म्हणजे काय, हे पाचूबंदर आणि अर्नाळ्याच्या घरांना विचारावे. डिझेलचा खर्च डोक्यावर असतो आणि घरी चूल वाट पाहत असते. अशा रात्रीला विरंगुळ्याच्या पुस्तकाचे तोरण करणे, ही वॉल्टनच्या हातून झालेली मोठी गल्लत होय. चारही शुभवर्तमानांत गळाचा उल्लेख एकदाच येतो. मत्तयाच्या सतराव्या अध्यायात प्रभू पेत्राला सरोवरात गळ टाकण्यास सांगतो, तो मंदिराचा कर भरण्यासाठी. बाकी सर्वत्र जाळी आहेत, ओली, फाटलेली, धुतली आणि सांधली जाणारी. प्रेषित मासेमार होते, यावरून गळकऱ्याचा छंद पवित्र ठरत नाही. यावरून एवढेच ठरते की, अंगाला माशाचा वास येणाऱ्या कष्टकऱ्यांवर प्रभूने विश्वास टाकला.

हा आक्षेप घेताना वॉल्टनवर अन्याय होऊ नये, म्हणून दुसरी बाजूही मांडली पाहिजे. तो जमीनदार नव्हता. शिकार आणि ससाणे हे श्रीमंतांचे छंद. त्यांना घोडे, कुत्री, नोकर आणि राने लागतात. गळाला एक काठी, दोरी आणि गांडूळ पुरते. आयुष्यभर दुकानात गज फिरविलेल्या माणसाने सामान्य प्रापंचिकाच्या वाट्याला येऊ शकेल अशा विसाव्याची बाजू मांडली, हे त्याचे सामाजिक कार्य लहान नाही. शिवाय नदीतल्या संपत्तीची त्याला काळजी होती. माशांच्या विणीच्या महिन्यांत मासे मारू नयेत, यासाठी जुने कायदे असूनही ते पाळले जात नाहीत आणि बारीक आसांच्या बेकायदा जाळ्यांनी पिल्ले मारली जातात, याविषयी तो कळवळून लिहितो. जे सर्वांनी पाहावयाचे ते कोणीच पाहत नाही, हे त्याचे निदान आहे. जून-जुलैमधल्या मासेमारीबंदीची आणि लहान आसांच्या जाळ्यांची चर्चा आपल्या बंदरांवर दर वर्षी होते; तिच्यात भाग घेणाऱ्यांना ही पाने कालची वाटतील.

पुस्तकात एक प्रसंग असाही आहे, जेथे वॉल्टनच्या नकळत संत पॉलचे संपूर्ण वचन प्रकट होते. संध्याकाळी गुरू-शिष्य परतत असताना कुरणात त्यांना एक गवळण आणि तिची मुलगी भेटतात. आपल्याला पुरून उरेल एवढे मासे मिळाले आहेत, आणि मासे विकण्याची आपली रीत नाही, असे म्हणून पिस्केटर त्यांना मासा देतो. मोबदल्यात गाणे मागतो. मुलगी मार्लोचे प्रेमगीत गाते आणि आई त्याला रॅलेने दिलेले व्यवहारी उत्तर गाते. क्षणभर तेथे हातांनी राबणाऱ्या बायका आहेत, विसावा घेणारे पुरुष आहेत, वाटून घेतलेले अन्न आहे आणि सर्वांचे मिळून एक गाणे आहे. मात्र या दृश्यातही एक टोचणी उरतेच. गाणे संपते, पुरुष खाणावळीकडे जातात आणि गाईंची धार काढावयाची अजून बाकी असते. मासे विकीत नाही, हे वाक्य ज्याच्या घरी दुसरी मिळकत आहे त्यालाच परवडते. आपल्या कोळिणीला ते परवडत नाही, आणि म्हणून ती पिस्केटरपेक्षा उणी ठरत नाही.

वॉल्टनपासून आजवर या छंदाने बराच प्रवास केला आहे. इंग्रज अधिकाऱ्यांनी तो हिंदुस्थानात आणला. एच. एस. थॉमस या अधिकाऱ्याचे 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक १८७३ मध्ये निघाले आणि आपल्या नद्यांतला महसीर जगभरच्या गळकऱ्यांना ठाऊक झाला. मुंबईत पवई तलावाच्या काठी महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही संस्था कित्येक दशके हा छंद जोपासत आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महसीरची पैदास करून पिल्ले नद्या-तलावांत सोडण्याचे काम चालविले. दुसरीकडे हा छंद स्पर्धा बनला. वजने, विक्रम, महागड्या काठ्या आणि छायाचित्रे यांनी त्याला घेरले. धरलेला मासा पुन्हा पाण्यात सोडण्याची प्रथाही रूढ झाली. दुर्मीळ जातींच्या रक्षणाला तिचा उपयोग होतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु स्वित्झर्लंडने २००९ पासून केवळ सोडून देण्याच्या हेतूने मासे धरण्यास कायद्याने मनाई केली आहे. खावयाचा नाही तर जिवाला गळ का लावावा, असा तेथील कायद्याचा प्रश्न आहे. या प्रश्नावर गळकऱ्यांनी आपापल्या विवेकाशी बोलावे. आमच्या मते, ताटात पडणाऱ्या माशाबद्दल कृतज्ञ असणारा पिस्केटर मोजपट्टी घेऊन बसलेल्या विक्रमवीरापेक्षा शुभवर्तमानाच्या अधिक जवळ आहे.

मग आरंभीच्या प्रश्नाचे काय? कष्ट आणि रिकामपण असा जो निवाडा आपण करतो, तो आम्हांला अपुरा वाटतो. बावखलाकाठच्या मुलाला थोडा वेळ बसू द्यावे. शिकवण्या, परीक्षा आणि पडदे यांनी त्याचा दिवस इतका कापला गेला आहे की, पाण्याकडे पाहत बसण्याची तेवढी एकच दुपार त्याला उरली असेल. मात्र घरी येऊन त्याने मासा साफ करावा, आईला चुलीपाशी मदत करावी आणि शेजारच्या म्हातारीला एक वाटी कालवण नेऊन द्यावे. संत पॉलचे वचन मग त्याच्या दिवसात पुरे होईल.

उलट बाजूचा प्रश्न अधिक कठीण आहे आणि तो आपल्या धर्मग्रामांनी स्वतःला विचारावयास हवा. जे हातांनी राबतात त्यांच्या वाट्याला वचनाचे पहिले अंग येते काय? समुद्रावर जाणाऱ्या माणसाला, बाजारात दिवसभर उकिडवी बसणाऱ्या बाईला शांतपणे बसण्याची घडी कोण देणार? रविवारच्या मिस्साला त्या येतात तेव्हाही निम्मे मन बर्फाच्या पेटीत असते. विश्रांतीचे थोरपण आपण प्रवचनातून सांगतो. पण ती ज्यांना मिळत नाही त्यांच्यासाठी घरात कामाची वाटणी, गावात सोय, सुट्टीच्या दिवसाचा मान यांपैकी काय करतो, यावर त्या प्रवचनाची किंमत ठरेल.

वॉल्टनने मुखपृष्ठावर दिलेला अध्याय त्याने आणखी थोडा पुढे वाचावयास हवा होता. रात्रभर राबून थकलेले सात जण पहाटे किनाऱ्याकडे येतात. जाळ्यात एकशे त्रेपन्न मोठे मासे येतात, तेही प्रभूच्या शब्दाने. आणि वाळूवर कोळशांचा विस्तव पेटलेला असतो, त्यावर मासळी असते, जवळ भाकर असते. प्रभूने स्वतः रांधून ठेवलेले असते आणि तो त्यांना न्याहारीला बोलावितो. काम करणाऱ्या हातांना विसावा देणारी ही न्याहारी वॉल्टनच्या पुस्तकात नाही. एरव्ही ते पुस्तक चांगले आहे. मनाला निवविणारे आहे आणि आपल्या तरुणांपैकी ज्यांना इंग्रजी वाचता येते त्यांनी ते अवश्य वाचावे. शेवटच्या पानावर पोहोचल्यावर शिसपेन्सिल घ्यावी आणि लेखकाने गाळलेले पॉलचे उरलेले शब्द तेथे खाली लिहून ठेवावेत.